बोटांनी वाचायचे पत्ते

तंजावूर, १२ जानेवारी १९९५

जयाक्का,

तुझा ठिकाणा कुंभकोणमच्या मावशीकडून मिळवला. पाकिटावर ‘बडोदा’ लिहिताना हात थांबला, कारण तू निघून गेल्यापासून या घरात ते नाव कोणी घेत नाही. लहानपणी अप्पांनी आपल्या दोघींना दटावून देवनागरी गिरवून घेतली, तेव्हा आपण रडायचो. आज तिचा उपयोग असा, की अर्धं लिहिलेलं पत्र मी खिडकीत उघडं टाकून भाताकडे बघायला जाऊ शकते. राजवाड्यामागच्या या गल्लीत मराठी बोलणारे अजून आहेत, वाचणारे नाहीत. एक अप्पा होते. आता त्यांनाही वाचता येत नाही.

तेच कळवायचं आहे. अप्पांचे डोळे गेले. काचबिंदू. कडेकडेचं दिसेनासं झालं तरी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. खांबाला धडकले की म्हणायचे, “हा खांब कोणी पुढं आणला?” डॉक्टरांकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

पेपर सुटला, संध्याकाळचं चालणं सुटलं. पत्ते मात्र सुटले नाहीत. तीनशेचारचा डाव तू विसरली नसशील. गुलाम सगळ्यात मोठा, त्याच्याखाली नव्वी, बिचारे राजा-राणी एक्का-दश्शीच्याही खाली, आणि हुकूम कोणता ते फक्त लपवणाऱ्याला ठाऊक. कोर्टात शिरस्तेदार होते तेव्हाही घरी येऊन चप्पल काढायच्या आधी पानं मागायचे. त्यांच्यासाठी मी हातानं पत्ते केले आहेत. बोटांनी वाचता येतात.

मी बरी आहे. शाळेतली हस्तकलेची नोकरी सोडली. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहीत नाही.

चंद्रा

ता. क. आई गेली तेव्हा तू आलीस आणि बाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर बसून तशीच परत गेलीस. मी दाराआड उभी होते. अप्पांनी माझं मनगट धरलं होतं. बाहेरून ते तुला दिसलं नसेल.


तंजावूर, २० फेब्रुवारी १९९५

जयाक्का,

तुझं कार्ड आलं. अप्पांविषयी एक अक्षर नाही, माझ्याविषयीही नाही. एवढंच, “पत्ते कसे केलेस?” मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. तू बदलली नाहीस.

तर ऐक. आधी बाजारातल्या पत्त्यांना सुईनं टोचे मारून पाहिले. ते पाठीवरून सगळ्यांना दिसायचे आणि चार दिवसांत सपाट व्हायचे. मग लग्नपत्रिका गोळा केल्या. आपल्याकडे पत्रिका कोणी टाकून देत नाही, गल्लीभर मागितल्या तर पिशवी भरली. कोरी बाजू बाहेर ठेवून दोन-दोन चिकटवायच्या, चिंचोक्यांच्या खळीनं. गव्हाच्या खळीला किडे लागतात. मग पाट्याखाली दाबून सुकू द्यायच्या. घाई केली की कागद पापडासारखा वळतो.

खरी कसोटी कापण्याची. गठ्ठा एकदम कापला तर सुरी खाली जाताना तिरकी होते आणि तळाचं पान मोठं येतं. म्हणून एक नमुना-पान करून ठेवलं आहे, त्याच्यावर एकेक पान ठेवून पोलादी पट्टीनं कापते. केसाएवढा फरक राहिला तरी पिसताना अडतं, आणि अप्पा लगेच म्हणतात, “ही लठ्ठ कोण गे?” कोपरे कात्रीनं गोल करून पॉलिशपेपरनं घासते. मग शिंपल्यानं दोन्ही बाजू घोटायच्या, बोट सरकन घसरेपर्यंत.

डोळसांसाठी शाईनं चिन्हं काढायची. ठिपके शेवटी. आपल्या गल्लीत देवांची चित्रं करतात ना, सोन्याच्या वर्खाखाली खडूभुकटी आणि डिंकाचा उठाव असतो, तसाच. वरच्या कोपऱ्यात रंगाचे ठिपके, खालच्या कोपऱ्यात पानाचे. वर पातळ लाख. पहिला जोड हातात दिला तेव्हा अप्पांनी एक पान उचललं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “इस्पिकचा गुलाम.” तोंडावर असा आनंद, की मी मुत्तमात, आतल्या चौकात जाऊन चूळ भरायचं निमित्त केलं. वाटायला मात्र त्यांना देत नाही. गुरुमूर्तीमामांनीच नियम केला, “सेतुराम, तू पानं वाटलीस तर चौघांचीही तुलाच कळतील.”

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तू पत्त्यांचं विचारलंस, तर पुढचंही ऐक.

पूर्वी तिण्णैवर बघे जास्त आणि खेळणारे कमी असायचे. आता गल्लीत केबलची तार आली आहे. दुपारी प्रत्येक घरातून तीच मालिका ऐकू येते. खेळायला उरले गुरुमूर्तीमामा, शेजारच्या वेंकूबाई, अप्पा आणि चौथी मी. मी उठले की डाव मोडतो. सकाळी अप्पा आणि मी दोघंच दोन हातांचा खेळतो, दुपारी चौघं, दिवा लागल्यावर पुन्हा दोघं. त्यांना पानं दिसत नव्हती तेव्हा मला थोडी सुट्टी होती, अक्का. मीच ती कापून काढली.

ते कान लावून असतात. मी जरा हलले की, “कुठे गे?” न्हाणीत, अंगणात, कुठेही. माझ्या बांगड्या ऐकून त्यांना कळायचं, म्हणून मी त्या काढून ठेवल्या. वेंकूबाईंनी माझे रिकामे हात बघून छातीला हात लावला. “अय्यो, चंद्रे, हे काय अशुभ!” मी म्हटलं, खळ लागते.

अजून एक सांगायचं होतं. गेल्या आठवड्यात सरस्वती महाल ग्रंथालय बघायला आलेल्या एक बाई गल्लीतून जाताना डाव ऐकून थांबल्या. भुवनेश्वरी त्यांचं नाव. पाँडिचेरीला त्यांचा हातकागदाचा कारखाना आहे. पान हातात घेऊन त्यांनी कड डोळ्यांसमोर धरली आणि तमिळमध्ये विचारलं, “हे यंत्रावर कापलंय?” मी म्हटलं, सुरीनं. त्यांनी दुसरं पान त्यावर ठेवून कडा जुळवून पाहिल्या. कापण्याच्या खोलीवर देखरेख करायला त्यांना कोणीतरी हवं आहे. राहायला मुलींच्या वसतिगृहात जागा. “विचार करून ठेवा, मी पुन्हा येईन,” म्हणाल्या.

अर्थात प्रश्नच नाही. सहज लिहिलं.

चंद्रा


तंजावूर, ९ एप्रिल १९९५

जयाक्का,

‘सहज लिहिलं’ ते खोटं होतं. त्या दिवसापासून मी दुसरं काहीच मनात आणलेलं नाही. भाजी चिरताना मी त्या खोलीत असायचे. तिला खिडक्या किती असतील, टेबल लाकडाचं असेल की दगडाचं, मुली मला अक्का म्हणतील की टीचर. भुवनेश्वरीबाई पुन्हा आल्या नाहीत, तेव्हा वाटलं, विसरल्या. मोठ्या माणसांचं तसंच असतं.

परवा वेंकूबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “इतकी मोठी गोष्ट आणि मला सांगितली नाहीस? मुलगा कुठला गे?”

“कसला मुलगा?”

“लपव आणखी! अप्पांनीच सांगितलं त्या पाँडीच्या बाईंना. मी माझ्या तिण्णैवर मिरच्या निवडत होते. ‘माझ्या लेकीचं लग्न ठरलं आहे, तिच्या मागे लागू नका,’ म्हणाले. बाईंनी हात जोडून आशीर्वादसुद्धा दिला.”

मी त्या वेळी रेशनच्या दुकानात होते. साखर आली होती, म्हणून रांग मोठी होती.

वेंकूबाईंना मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्या गेल्यावर आत आले. अप्पा चटईवर पानं रंगवार लावत बसले होते.

“अप्पा, माझं लग्न कोणाशी ठरलं?”

त्यांचे हात थांबले नाहीत. “ती बाई पुन्हा पुन्हा आली असती. काही तरी सांगणं भाग होतं.”

“मला विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.”

अक्का, एवढं खरं ते अलीकडे कधी बोलले नव्हते. मी खाली बसले. म्हटलं, वेंकूबाई दोन वेळचं करतील, मी सुट्टीला येईन, पाँडिचेरी काय विलायतेत आहे? ते ऐकत होते. मग म्हणाले, “तू गेलीस की हे घर माझ्यासाठी काय राहील, सांग. भिंती राहतील. त्या मला ठाऊक आहेत, रोज धडकतो.” आणि मग नेहमीच्या आवाजात, “बैस. पानं वाट.”

मी पानं वाटली. हे तुला लिहायची लाज वाटते, पण वाटली. दुसरं काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, काही मागत नाही. आता मागते. दोन महिन्यांसाठी ये. अप्पांना तू आलीस हे पटवायचं काम माझं, शिव्या खायच्या त्याही मी खाईन. तू इथं राहा, मी तिथं जाऊन जागा अजून आहे का ते बघते, काम जमतं का ते बघते. फक्त दोन महिने. तुझी मुलं आता मोठी झाली असतील. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

तुझीच,
चंद्रा


तंजावूर, २८ मे १९९५

जयाक्का,

तुझं पत्र पोचलं. मुलांची नावं कळली, बरं वाटलं. बाकी, “मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. तू निघ.”

निघ! किती छोटा शब्द आहे. तुला निघणं जमलं, अक्का, कारण मागे मी होते. आईचं दुखणं, अप्पांचा राग, दिवाळीला तुझं ताट न मांडणं, हे सगळं मांडून बसायला कोणीतरी होतं म्हणून तू स्टेशनवर पोचलीस. मी निघाले तर मागे कोण आहे? भिंती.

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. खोडत नाही. खरं आहे ते.

इथं एक प्रकार घडला. खडूचे ठिपके कायमचे टिकत नाहीत. घामानं, बोटांनी झिजतात, खपली निघते. दर काही आठवड्यांनी मी नवे घालत असे. तुझं पत्र आल्यावर मी घातले नाहीत. विसरले नव्हते. पाहत होते.

पहिल्यांदा अप्पांनी नव्वीला अठ्ठी समजून टाकलं. मामांनी पानं उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी हुकमाचा गुलाम, डावातलं सगळ्यात मोठं पान, त्यांनी सत्ती समजून दिमाखानं खाली टाकलं आणि म्हणाले, “घे रे, तुझ्यासाठी सोडलं.” वेंकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पानांकडे पाहिलं. असं आठवडाभर चाललं. अप्पांना कळत होतं, पण ते मान ताठ ठेवून खेळत होते. प्रत्येक पानावर अंगठा घासून घासून नखाशी लाल झाला होता.

काल गुरुमूर्तीमामांना राहवलं नाही. अप्पांनी हरणारं पान टाकलं, तर मामा मोठ्यानं म्हणाले, “वा, हात तुझा, सेतुराम!” आणि पानं त्यांच्याकडे सरकवली.

अप्पांनी ती पानं तशीच परत सरकवली. मग हातातली सगळी पानं खाली ठेवली. उपडी नव्हे, उताणी.

“गुरु, तीस वर्षं माझ्याशी खेळतोस. मला हरवलंस तरी चालेल. भीक घालू नकोस.”

मामा चप्पल शोधत उठले. त्यांचे डोळे भरले होते. वेंकूबाई त्यांच्यामागून गेल्या. अप्पांनी चाचपत सगळी पानं गोळा केली आणि एकेक हातात घेऊन पारखलं, बाजारात नाणं पारखतात तसं.

“ठिपके गेले आहेत.”

“हो.”

“तुला माहीत होतं.”

“हो, अप्पा.”

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मी मोकळी झाले असते. ते म्हणाले, “बरं,” आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. चहाला उठले नाहीत.

मी काय मिळवलं? त्यांना घरातल्या घरात दुसऱ्यांदा आंधळं केलं, एवढंच. आणि तरी, अक्का, खडू कालवायला हात उचलेना. नवे ठिपके घातले की उद्या सकाळी पुन्हा ‘बैस, वाट.’ नाही घातले तर हे भिंतीकडचं तोंड. या दोन्हींच्या मध्ये उभं राहण्याइतकीसुद्धा जागा मला दिसत नाही.

आज सकाळी दोशा वाढताना माझ्या तोंडून निघून गेलं, “मी गुरुवारी पाँडिचेरीला जाते आहे.” ठरवलेलं नव्हतं. ते चावायचे थांबले.

“जा,” म्हणाले.

मला भीती वाटते आहे. ते अडवतील याची नाही. त्यांनी अडवलं नाही, याची.

चंद्रा


तंजावूर, ११ जून १९९५

जयाक्का,

गेले आणि आले.

वेंकूबाईंना जेवणाचं सांगितलं होतं. कुंभकोणम, चिदंबरम, कडलूर, बस प्रत्येक गावात थांबत गेली. कारखाना समुद्रापासून जवळ आहे. आवारात दोरीवर ओले कागद धोतरांसारखे वाळत होते. कापण्याच्या खोलीला चार खिडक्या आहेत आणि टेबल लाकडाचं. त्या टेबलाशी विल्लियनूरची एक मुलगी बसली होती, विशीतली. तिला एप्रिलमध्येच ठेवलं.

भुवनेश्वरीबाईंनी मला ओळखलं. माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र दिसलं नाही तेव्हा जरा गोंधळल्या. “कल्याणम् कधी आहे?”

एखादी तारीख सांगून, लाजल्यासारखं करून परत येता आलं असतं. अप्पांची अब्रू राहिली असती. मी म्हटलं, “लग्न ठरलेलं नाही. माझे वडील खोटं बोलले.”

बाहेरच्या माणसासमोर हे मी पहिल्यांदा बोलले. छत कोसळलं नाही.

त्या म्हणाल्या, “मुलीला मी काढू शकत नाही.” मी म्हटलं, काढू नका. मग त्यांनी मला एक ताव आणि सुरी दिली. मी कापलं. त्या मुलीनंही कापलं. तिच्या कडेला लव राहत होती, कारण ती सुरी दाबत होती. मी तिचा हात धरून दाखवलं. आम्ही दोघी कितीतरी वेळ कापत राहिलो, आणि मला कोणी हाक मारली नाही. निघताना बाईंनी पर्याय काढला. त्यांचा कागद तंजावूरला पाठवतील, आंधळ्यांसाठीच्या पत्त्यांचे जोड मी इथं घरी करायचे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते घेऊन मी तिकडे जायचं, तीन-चार दिवस राहून मुलींना शिकवायचं. मद्रासच्या एका अंधशाळेनं त्यांना असे पत्ते मिळतील का, म्हणून विचारलं होतं.

ही सुटका नाही, अक्का. मला ठाऊक आहे. महिन्याचे उरलेले दिवस मी इथंच असणार.

परत आले तेव्हा अप्पा तिण्णैवर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. बटणं वरखाली लागली होती.

“जागा मिळाली?”

“भरली. एप्रिलमध्ये.”

त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. “म्हणजे माझ्यामुळं.”

नेहमीचं ‘नाही हो अप्पा’ जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, “हो. तुमच्यामुळं.” आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्याचं सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. गुरुमूर्तीमामांना पुन्हा बोलवायला स्वतःच वेंकूबाईंना पाठवलं, आणि मामा आले तेव्हा उठून उभे राहिले.

नवे ठिपके मी घातले. ते न घालणं मला जमण्यासारखं नव्हतं.

आज दुपारी हे पत्र लिहीत होते. अप्पा झोपले आहेत असं वाटलं. तर म्हणाले, “जयाला लिहितेस?”

माझं पेन कागदावर तसंच राहिलं.

“पोस्टमन दर वेळी मोठ्यानं वाचतो, बडोदा म्हणून. डोळे गेलेत गे माझे, कान नाही.” मला वाटलं आता ‘ये म्हणावं’ म्हणतील. ते म्हणाले, “तिला लिही, इकडे येऊ नको. आली तर मी तिलाही सोडणार नाही. मला माझं ठाऊक आहे.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कूस बदलली होती.

त्यांचा निरोप मी जसाच्या तसा लिहिला आहे. तो राग आहे की माया, हे मला विचारू नकोस. मी रोज त्याच घरात राहते आणि मलाही सांगता येत नाही.

बडोद्याहून पाँडिचेरीला येताना तंजावूर वाटेत लागत नाही. खाली कारखान्याचा पत्ता देते आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी तिथं असेन. वसतिगृहातल्या माझ्या खोलीत दोन खाटा आहेत.

चंद्रा